यादीबाहेरचा गडी

ऑस्ट्रेलियांतील मेलबर्न शहराचें क्रिकेटचें विशाल मैदान आमच्या वाचकांस ऐकून तरी ठाऊक असेलच. नाताळच्या दुसऱ्या दिवशीं तेथें सुरू होणारा कसोटी सामना पाहण्याकरितां पहाटे पांचाच्या आधीं उठून बसणारीं घरें आपल्याकडे कांहीं थोडीं नाहींत. परंतु हेंच मैदान वर्षाचा जवळजवळ अर्धा भाग एका निराळ्याच खेळाच्या स्वाधीन असतें आणि त्या खेळाच्या अखेरच्या सामन्यास तेथें लाखभर माणसें जमतात, ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षांत येते. हा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन पद्धतीचा फुटबॉल. आज त्याविषयीं चार शब्द लिहावयाचें योजिलें आहे. केवळ खेळाचें वर्णन करावें एवढाच हेतु नाहीं. संघ निवडतांना चांगल्या माणसास वगळावें लागतें, तेव्हां निवडणाराचें कर्तव्य काय, हा प्रश्न या खेळांत फार उघडपणें समोर येतो. आणि ज्या घरांत दहा-बारा माणसें एका छपराखालीं नांदतात, त्या घरास हा प्रश्न परका नाहीं.

प्रथम खेळाची ओळख करून घेऊं. क्रिकेट खेळणाऱ्या तरुणांचीं शरीरें हिवाळ्यांत शिथिल होऊं नयेत म्हणून फुटबॉलचा एक क्लब काढावा, अशी सूचना टॉम विल्स नांवाच्या क्रिकेटपटूनें १८५८ च्या जुलै महिन्यांत तेथील एका वृत्तपत्रास पत्र लिहून केली. पुढच्याच वर्षीं, १७ मे १८५९ रोजीं, विल्स व त्याचे सहकारी यांनीं मेलबर्न फुटबॉल क्लबाकरितां नियम लिहून काढिले. इंग्लंडांतील असोसिएशन फुटबॉलचे नियम १८६३ चे. म्हणजे हा खेळ त्याहून चार वर्षांनीं वडील ठरतो. व्हिक्टोरियांतील क्लबांची साखळी १८९७ सालीं सुरू झाली, आणि १९९० पासून तिला अखिल ऑस्ट्रेलियाची साखळी असें नांव मिळालें.

मैदान लंबवर्तुळाकार, चेंडूही लंबगोल. प्रत्येक बाजूचे अठरा गडी मैदानांत व कांहीं राखीव. चेंडू लाथेनें मारावा, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीनें ठोसून सोबत्याकडे द्यावा; फेकण्यास मात्र बंदी. मैदानाच्या प्रत्येक टोंकास चार खांब. मधल्या दोन उंच खांबांतून चेंडू लाथेनें पार केला म्हणजे गोल, त्याचे गुण सहा. उंच खांब आणि बाजूचा खांब यांच्यामधून गेला तर बिहाइंड, त्याचा गुण एकच. पंधरा मीटर किंवा त्याहून लांब मारलेला चेंडू मध्यें कोणाचा स्पर्श न होतां अधांतरीं झेलला, तर त्यास मार्क म्हणतात. आणि मार्क घेणारास निर्वेधपणें लाथ मारण्याचा अधिकार मिळतो. या खेळांत ऑफसाइड नाहीं, ही सर्वांत महत्त्वाची गोष्ट. खेळ चालूं असतां कोणीं कोठें उभें राहावें याचें नियमानें बंधन नसल्यामुळें गड्यांची मांडणी हें प्राचीन व्यूहरचनेसारखें एक शास्त्रच होऊन बसलें आहे.

गोलाचे सहा आणि बिहाइंडचा एक, या प्रमाणांत सर्व मर्म आहे. चेंडू नुसता पुढें नेऊन भागत नाहीं. तो योग्य जागीं व योग्य माणसाच्या हातीं पडावा लागतो. २००८ च्या अखेरच्या सामन्यांत जीलाँगच्या संघानें ११ गोल व २३ बिहाइंड मिळून ८९ गुण केले. हॉथॉर्नच्या संघानें १८ गोल व ७ बिहाइंड मिळून ११५ केले. जीलाँगचे गुणांचे प्रसंग चौतीस, हॉथॉर्नचे पंचवीस. अजिंक्यपद मात्र हॉथॉर्नकडे गेलें. आणि हाच जीलाँगचा संघ त्या हंगामांत प्राथमिक फेरीच्या बावीस सामन्यांपैकीं केवळ एक हरला होता!

आतां आघाडीच्या फळीकडे वळूं. परंपरेनें या फळींत सहा गडी, तीन-तीनांच्या दोन ओळींत. गोलाच्या अगदीं समोरच्या ओळीचा मधला गडी तो फुल फॉरवर्ड आणि त्याच्या पुढल्या ओळीचा मधला तो सेंटर हाफ फॉरवर्ड. जुन्या काळीं संघाची सारी भिस्त बहुधा फुल फॉरवर्डवर असे. कॉलिंगवुडच्या गॉर्डन कॉव्हेंट्री यानें १९२० ते १९३७ या काळांत १,२९९ गोल केले. हा उच्चांक बासष्ट वर्षें अबाधित राहिला आणि १९९९ सालीं टोनी लॉकेट यानें तो मोडला. लॉकेटची अखेरची संख्या १,३६०. एका हंगामांत दीडशें गोल करण्याचा पराक्रम बॉब प्रॅट यानें १९३४ मध्यें आणि पीटर हडसन यानें १९७१ मध्यें केला. अशा काळीं आघाडीची फळी निवडणें सोपें होतें असें म्हणतां येईल: एक महारथी शोधावा, आणि इतरांनीं त्याच्याकडे चेंडू पोंचवावा.

तथापि त्या महारथीभोंवतीं प्रतिपक्षाचे दोन-तीन रक्षक जमूं लागले, म्हणजे त्याचें बळ व्यर्थ जातें. यावर नॉर्थ मेलबर्नचा प्रशिक्षक डेनिस पेगन यानें १९९० नंतरच्या दशकांत एक उपाय योजिला, तो मोठा मार्मिक आहे. त्याच्यापाशीं वेन केअरी नांवाचा अत्यंत बलाढ्य सेंटर हाफ फॉरवर्ड होता. पेगननें बाकीच्या आघाडीच्या गड्यांस गोलापासून दूर, मैदानाच्या मध्याकडे सरकण्यास सांगितलें. ते सरकले कीं त्यांच्यावर पाळत ठेवणारे रक्षकही त्यांच्या मागोमाग ओढले जात. मग गोलासमोर विस्तीर्ण मोकळी जागा उरे, आणि तींत केअरी व त्याचा एकटा रक्षक. चेंडू त्या मोकळ्या जागेंत पडावा आणि केअरीनें धांवत जाऊन तो घ्यावा. लोकांनीं या जागेस ‘पेगनचें कुरण’ असें नांव दिलें. १९९६ सालीं या संघानें सिडनीचा १३१ विरुद्ध ८८ असा पराभव करून अजिंक्यपद मिळविलें. १९९९ सालीं पुन्हां मिळविलें.

नांव झालें तें केअरीचें, आणि तें योग्यच. पण थोडें थांबून विचार करावा: तें कुरण निर्माण कोणीं केलें? जे पांच जण आपली हक्काची जागा सोडून दूर गेले, त्यांनीं. गोल करणें हेंच ज्यांचें काम, त्यांनीं गोलाकडे पाठ फिरवून धांवावयाचें, ही गोष्ट कागदावर काढणें सोपें. हंगामभर करणें फार अवघड. तेव्हां निवडणारास असे पांच गडी हुडकावे लागतात कीं ज्यांच्या अंगीं कौशल्य तर आहेच, पण जागा सोडण्याचें मनही आहे. गुणपत्रकांत या मनास रकाना नसतो.

पुढें खेळ आणखी पालटला. २००० सालीं एसेंडनचा संघ एकामागून एक सामने जिंकीत चालला होता. वेस्टर्न बुलडॉग्ज संघाचा प्रशिक्षक टेरी वॉलेस यानें त्यांच्याशीं गांठ पडली तेव्हां आपले बहुतेक सर्व गडी मागें, एसेंडन जेथें गोल करणार त्या टोंकास, लोटून गर्दी केली. महापुरांत शेत बुडावें तशी एसेंडनची आघाडीची फळी त्या गर्दींत बुडाली, आणि त्या वर्षांतील एसेंडनचा एकमेव पराभव त्या दिवशीं झाला. अशा युक्त्यांचा प्रसार झाल्यावर एकट्या उंच गड्याचें राज्य आटोपत आलें. एका हंगामांत शंभर गोलांचा टप्पा हॉथॉर्नच्या लान्स फ्रँकलिननें २००८ मध्यें ओलांडला; त्यानंतर २०२५ च्या हंगामापर्यंत कोणासही तो साधलेला नाहीं. २०१९ पासून तर नियमच करावा लागला कीं, मध्यभागीं चेंडू टाकून खेळ सुरू होतांना प्रत्येक संघाचे सहा गडी एका टोंकास, सहा मध्यें व सहा दुसऱ्या टोंकास असलेच पाहिजेत.

गर्दींत झेल घेणें दुष्कर झालें, तर आघाडीची फळी निवडावी कशी? रिचमंडच्या संघानें २०१७ सालीं याचें उत्तर दिलें. हा संघ आदल्या वर्षीं तेरावा आलेला. त्याचें पूर्वींचें अजिंक्यपद १९८० चें. प्रशिक्षक डेमियन हार्डविक यानें फळींत उंच गडी असा एकच ठेविला, जॅक रीवोल्ट. त्याच्याभोंवतीं डॅन बटलर, जेसन कॅस्टान्या, डॅनियल रिओली असे ठेंगणे, चपळ व न थकणारे गडी ठेविले. रीवोल्टला चेंडू झेलतां आला तर उत्तमच. न आला तर निदान प्रतिपक्षास झेलूं न देतां तो जमिनीवर पाडावा. चेंडू खालीं पडला कीं या लहान गड्यांनीं त्यावर तुटून पडावें. आणि तोही प्रयत्न फसला तर चेंडू घेऊन निघालेल्या रक्षकास धरून पाडावें, म्हणजे चेंडू तेथल्या तेथेंच अडकून राहतो.

अखेरच्या सामन्यांत त्यांच्यासमोर ॲडलेडचा संघ होता. प्राथमिक फेरींत पहिला आलेला, त्या हंगामांत सर्वांत अधिक गुण केलेला, आणि टेलर वॉकर, जॉश जेन्किन्स यांसारखे धिप्पाड गडी आघाडीस असलेला. एकेक गडी घेऊन ताजव्यांत घातला असतां तर ॲडलेडचें पारडें जड ठरलें असतें. सामना झाला तो रिचमंड १०८, ॲडलेड ६०. उत्तम सहा गडी आणि सहा गड्यांची उत्तम फळी या दोन गोष्टी एक नव्हेत, याचा याहून स्पष्ट दाखला मागण्याचें कारण नाहीं.

याच संघांतील आणखी दोन नांवें सांगावयास हवींत. जेकब टाउनसेंड हा वर्षाचा बहुतेक काळ कनिष्ठ साखळींत खेळत होता. प्राथमिक फेरीचे दोन सामने उरले असतां त्याला वरिष्ठ संघांत घेतलें. त्यानें पहिल्यांत सहा व दुसऱ्यांत पांच गोल केले आणि जागा कायम केली. जॅक ग्रॅहॅम हा एकोणीस वर्षांचा मुलगा. अखेरचा सामना हा त्याच्या आयुष्यांतील पांचवाच मोठा सामना, आणि त्यांत त्यानें तीन गोल केले. नवीन माणसावर विश्वास टाकण्याचें धैर्य निवडणारांनीं दाखविलें, असें आपण कौतुकानें म्हणतों. पण या दोन जागा रिकाम्या कशा झाल्या? कोणीतरी दोघे बाहेर बसले म्हणून.

येथें त्या साखळीचा एक प्रघात सांगितला पाहिजे, म्हणजे बाहेर बसण्याचा अर्थ कळेल. अजिंक्यपदाचें पदक जे अखेरच्या सामन्यांत प्रत्यक्ष खेळले त्यांनाच मिळतें. सबंध हंगाम घाम गाळलेला गडी त्या एका दिवशीं यादींत नसेल, तर त्याच्या गळ्यांत कांहीं पडत नाहीं.

१९९३ सालीं एसेंडनचा संघ अखेरच्या सामन्यास पोंचला. त्या संघांत डेरेक किकेट नांवाचा गडी होता. पश्चिम ऑस्ट्रेलियांतील नूंगार या आदिवासी समाजांतील हा खेळाडू चेंडूवर विलक्षण हुकमत असलेला होता. त्या हंगामांतील तोंवरचा एकही सामना त्यानें चुकविला नव्हता. त्या काळीं यादी वीस जणांची असे. प्रशिक्षक केव्हिन शीडी व निवड-समिति यांनीं अखेरच्या सामन्याची यादी केली, आणि तींत किकेटचें नांव नव्हतें. एसेंडननें कार्लटनचा १३३ विरुद्ध ८९ असा पराभव केला. वीस जणांस पदकें मिळालीं. किकेटनें क्लब सोडला, व तो सिडनीच्या संघांत गेला. तीन वर्षांनीं, १९९६ सालीं, तो सिडनीकडून अखेरच्या सामन्यांत उतरला खरा. पण तो सामना तोच, ज्यांत पेगनच्या संघानें सिडनीस हरविलें. पदक त्याला कधींच मिळालें नाहीं.

याच्या उलट बाजूस २०१९ ठेवावें. रिचमंड पुन्हां अखेरच्या सामन्यांत पोंचला होता, आणि त्याच्या आदल्या सामन्यांत जॅक ग्रॅहॅमचा, दोन वर्षांपूर्वींच्या त्याच मुलाचा, खांदा दुखावला. जागा एक रिकामी झाली. निवडणारांनीं ती मार्लियन पिकेट यास दिली. हाही नूंगार समाजांतीलच, वय सत्तावीस, त्याच वर्षीं हंगामाच्या मध्यावर क्लबांत घेतलेला. मोठ्या साखळींत त्यानें तोंवर एकही सामना खेळला नव्हता. आदल्याच आठवड्यांत रिचमंडच्या कनिष्ठ संघानें आपल्या साखळीचें अजिंक्यपद मिळविलें होतें, आणि त्या सामन्यांत सर्वोत्कृष्ट ठरला होता तो पिकेट. अखेरच्या सामन्यांतच पदार्पण, असें १९५२ नंतर कोणाच्याही वांट्यास आलें नव्हतें. पिकेट लाख लोकांसमोर उतरला, बावीस वेळां चेंडू सोबत्यांस पोंचविला किंवा पुढें मारला, आणि एक गोलही केला. तो गोल होतांच सारे सोबती धांवत येऊन त्याला बिलगले. रिचमंड ११४, प्रतिपक्ष ग्रेटर वेस्टर्न सिडनी २५. एका सामन्याच्या खेळावर पिकेटला पदक मिळालें.

एक गडी हंगामभर खेळून रिक्तहस्त, दुसरा एक दिवस खेळून पदकाचा धनी. यांत अन्याय झाला काय? वाचकांपैकीं पुष्कळांच्या मनांत चटकन ‘होय’ असें येईल. पण निवडणाराच्या आसनावर क्षणभर बसून पाहावें. त्याच्यापुढें प्रश्न असतो तो येत्या शनिवारचा. मागील वीस शनिवारांचें ऋण फेडणें हें त्याचें त्या दिवशींचें काम नव्हे. त्या दिवशींची हवा, प्रतिपक्षाचे गडी, आपल्या फळींतील उंच-ठेंगण्यांचें प्रमाण, हें सर्व पाहून त्यानें निवडलें पाहिजे. पूर्वपुण्याईवर जागा वांटल्या, तर संघ हरतो आणि मग सर्वांचेंच पदक जातें. एसेंडन चव्वेचाळीस गुणांनीं जिंकला हें खरें आहे. शीडीच्या निवडीस तेवढें समर्थन पुरेसें आहे, असेंही कोणी म्हणेल.

आम्हांस मात्र येथें दोन प्रश्न वेगळे करावेसे वाटतात. निवड बरोबर होती कीं नाहीं, हा एक; आणि ज्याला वगळलें त्याचें देणें फिटलें काय, हा दुसरा. पहिल्याचें उत्तर ‘बरोबर’ असें आल्यानें दुसऱ्याचें उत्तर आपोआप ‘फिटलें’ असें होत नाहीं. बहुतेक कलह हे दोन प्रश्न एक मानल्यामुळें माजतात. निवडणारा म्हणतो, ‘माझा निर्णय योग्य होता, मग याला राग कां?’ वगळलेला म्हणतो, ‘मला दुःख झालें, तेव्हां निर्णय चुकीचाच.’ वस्तुतः निर्णय योग्य असून दुःखही खरें असूं शकतें.

हा भेद ज्याला उमगला असा एक प्रशिक्षक २०१६ सालीं दिसला. वेस्टर्न बुलडॉग्जचें त्यापूर्वींचें अजिंक्यपद १९५४ चें. बासष्ट वर्षांचा दुष्काळ. त्यांचा कर्णधार बॉब मर्फी सतरा हंगाम त्या एकाच क्लबाकडून खेळत आलेला. पण त्या वर्षीं तिसऱ्याच सामन्यांत त्याच्या गुडघ्यास मोठी दुखापत झाली, आणि संघ अखेरच्या सामन्यांत सिडनीवर ८९ विरुद्ध ६७ असा विजय मिळवीत असतां तो कांठावर बसून होता. विजयानंतर प्रशिक्षक ल्यूक बेव्हरिज यास प्रशिक्षकाचें पदक देण्यांत आलें. त्यानें तेथेंच मर्फीस मंचावर बोलाविलें, आणि तें पदक स्वतःच्या गळ्यांतून काढून त्याच्या गळ्यांत घातलें. मर्फी पुढच्या वर्षीं निवृत्त झाला. ३१२ सामने खेळूनही अखेरचा सामना त्याला कधीं लाभला नाहीं. बेव्हरिजनें यादी बदलली नव्हती, बदलणें त्याच्या हातीं नव्हतेंही. जें हातीं होतें तें त्यानें लक्ष लोकांसमक्ष दिलें.

शाळेंतील नोकरीच्या काळांत आंतरशालेय खोखोच्या संघाची यादी फळ्यावर लावण्याचें काम अनेक वर्षें प्रस्तुत लेखकाकडे होतें. ज्याचें नांव यादींत असे, तो मुलगा एकदांच वाचून उडी मारी. ज्याचें नसे, तो वरून खालपर्यंत वाची, आणि पुन्हां वरून वाचूं लागे. त्या दुसऱ्या वाचनाइतकें केविलवाणें दृश्य शाळेंत दुसरें नाहीं. म्हणून आमचा प्रघात असा असे कीं, वगळलेल्या मुलास यादी लागण्यापूर्वीं खोलींत बोलावून कारण सांगावयाचें. मुलें रडत, क्वचित् रागावत. परंतु कारण ऐकलेला मुलगा दुसऱ्या दिवशीं सरावास येई.

घरांत याद्या फळ्यावर लागत नाहींत, इतकाच फरक. एकास परगांवीं शिकावयास धाडतां यावें म्हणून दुसरा लवकर नोकरीस लागतो. धाकट्याची फी भरली जावी म्हणून थोरल्या बहिणीचें कॉलेज एका वर्षानें, मग कायमचें, मागें पडतें. म्हाताऱ्या माणसांजवळ कोणीतरी राहावें म्हणून एक सून आपली चालती नोकरी सोडते. पेगनच्या त्या पांच गड्यांप्रमाणें हीं माणसें जागा मोकळी करतात, आणि त्या मोकळ्या जागेंत कोणाची तरी कीर्ति वाढते. त्या त्या वेळीं हे निर्णय आवश्यकही असतील; त्यांची चौकशी आज मांडावी असें आमचें म्हणणें नाहीं. मात्र अशा माणसास कारण कोणीं समोर बसवून सांगितलें होतें काय, आणि यश हातीं आल्यावर त्याचें नांव चारचौघांत घेतलें काय, एवढें घरांतील कर्त्या माणसांनीं आठवून पाहावें. सांगावयाचें राहून गेलें असेल, तर तें माणूस अजून घरांतच आहे.